९० टक्के सेवा म्हणजे रात्री दोन वाजता किती?

जिल्हा रुग्णालयाच्या आढाव्यात ‘सेवा ९० टक्के उपलब्ध’ असं आलं की सगळे माना डोलावतात. मला हा आकडा मान्य नाही.

रात्री तातडीचं सिझेरियन करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, जुळणारं रक्त आणि चालू थिएटर, ही पाचही एकाच वेळी हवीत. प्रत्येक गोष्ट ९० टक्के वेळ मिळत असेल आणि एकीचा दुसरीशी संबंध नसेल, तर पाचही जुळायची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ५९ टक्के. उरलेल्या बायका रुग्णवाहिकेत. सिंधुदुर्गातल्या ओरोसहून गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला, रत्नागिरीहून भर पावसात आंबा घाट चढून कोल्हापूरला.

खरं तर संबंध असतोच. चतुर्थीला आणि शिमग्याला रजा एकदम पडतात. वादळात वीज गेली की थिएटर आणि रक्तपेढीचा फ्रीज दोन्ही जनरेटरच्या भरवशावर. अशाने वर्षाचा टक्का ५९ पेक्षा बरा दिसतो, पण सगळी अडचण मोजक्या दिवसांत साचते. म्हणून वर्षाची सरासरी नको. आठवडावार मांडा, दिवस-रात्र वेगळे धरा.

सगळ्यात मोठी फसगत नोंदवहीत होते. ‘निर्णयाची वेळ’ आणि ‘शस्त्रक्रिया सुरू’ या दोन रकान्यांतून प्रतीक्षाकाळ काढतात. रेफर केलेल्या बाईचा दुसरा रकाना कोराच राहतो, तिची ओळ हिशेबातून गळते. अवघड केसेस जितक्या पुढे पाठवाल, तितकं रुग्णालय चपळ दिसतं! ती ओळ ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून मोजलीच पाहिजे. आणि सरासरीबरोबर दहातल्या नऊ जणींना किती मिनिटांच्या आत सेवा मिळाली, तेही लिहा.

अचानक तपासणी करायची तर वेळा चिठ्ठ्या टाकून काढा, त्यात रविवार आणि पहाट येऊ द्या. ड्युटीचा तक्ता बघून टिक करू नका, माणूस हजर आहे का ते बघा. अशा ३० फेऱ्यांत एकदाही काही अडलं नाही, तरी ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की अडण्याचं प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या आत आहे. एकदाही अडलं नाही तर ३ ला फेऱ्यांच्या संख्येने भागायचं, असा ढोबळ नियम आहे. ३ भागिले ३०, सोपा हिशेब.

उलट बाजूही सांगायला हवी. समजा महिन्याला १२० बाळंतपणं आणि सरासरी १८ रेफर. एखाद्या महिन्यात २५ झाले की ‘रेफर ४० टक्क्यांनी वाढले’ अशी ओरड होते. पण निव्वळ योगायोगाने आकडा किती वर-खाली होऊ शकतो ते दाखवणाऱ्या नियंत्रण आलेखाच्या मर्यादा इतक्या आकड्यांत साधारण ६ ते ३० येतात. एका महिन्याच्या २५ वरून डॉक्टरांना धारेवर धरणं अन्याय आहे. ओळीने आठ महिने १८ च्या वर राहिले, तर मात्र कारण शोधायलाच हवं.

रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत टक्केवारी मागू नका. रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेतल्या रेफरची यादी मागा, आणि प्रत्येक नावापुढे पाचपैकी काय नव्हतं ते.