‘पगार वाढवा, माणसं येतील’ : ‘जुना फिटर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

फिटरसाहेब, नमस्कार.

एकतीस वर्षं भोसरीत काढलेला माणूस माझा लेख शेवटपर्यंत वाचतो आणि त्यावर पानभर लिहितो, तेव्हा ‘धन्यवाद, विचार करतो’ म्हणून सटकणं बरं दिसणार नाही. म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्स ही दोन छोटी गावं आहेत. तिथल्या स्नोमोबाइल (बर्फावर चालणाऱ्या गाड्या) आणि एटीव्ही (खडबडीत रस्त्यांवरच्या चारचाकी गाड्या) बनवणाऱ्या कारखान्यांना माणसं मिळत नाहीत, असं मी लिहिलं होतं. फिटरसाहेबांचं म्हणणं, टंचाई माणसांची नसतेच, पगाराची असते. दर वाढवा, गेटवर रांग लागेल. परवापर्यंत ‘माणसं द्या’ म्हणणाऱ्या कंपन्या आज माणसं काढताहेत, मग टंचाई कसली? लातूर-नांदेडची पोरं चाकणला येऊन कॉट बेसिसवर राहतात, तिथल्या लोकांना काय धाड भरली आहे? आणि मी मिनिआपोलिसच्या हीटर लावलेल्या घरात बसून कंपन्यांची वकिली करतो. शेवटी एक टोचणारा प्रश्न: तुम्ही स्वतः तिथे जाऊन राहाल का?

वकिलीपासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘नव्या पिढीला लाइनवर आठ तास उभं राहायची सवय उरलेली नाही’ हे वाक्य माझ्या लेखात होतं. ते माझं नव्हतं. पुरवठादाराच्या कामासाठी तिकडे जायचो, तेव्हा एका सुपरवायझरने कॉफी पिता पिता ऐकवलेलं. मी ते उचललं आणि तपासलं नाही. त्याच लाइनवर बावीस-तेवीस वर्षांच्या मुली दहा-दहा तासांच्या पाळ्या करताना मी स्वतः पाहिल्या होत्या. ते वाक्य मी काढून टाकलं आहे.

आता पगार. तुम्हाला गंमत वाटेल, पण हा विषय तिथे अगदी पहिल्या गाडीपासूनचा आहे. रोझोतली स्नोमोबाइल कंपनी म्हणजे पोलारिस. ती १९५४ साली सुरू झाली ती शेतीची अवजारं बनवणारं वर्कशॉप म्हणून. हेटीन बंधू आणि डेव्हिड जॉन्सन हे मालक. १९५६ च्या सुमारास त्यांनी बर्फावर चालणारी पहिली गाडी जोडली आणि ती ४६५ डॉलरला लगोलग विकून टाकली. कारण काय, तर पगार वाटायला पैसे हवे होते. पुढे एडगर हेटीनचं भागीदारांशी बिनसलं. तो १९६० मध्ये बाहेर पडला आणि शंभरेक किलोमीटरवरच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्याने दुसरी कंपनी काढली, तीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. एका माणसाच्या रुसव्यातून दोन गावांना कारखाने मिळाले.

तेव्हा माणसं कुठून आली? आसपासच्या शेतांतून. गव्हाचं आणि दुधाचं छोटं शेत, घरातलं एक माणूस शेतावर, दुसरं कारखान्यात. पगाराइतकंच आकर्षण कारखान्यातून मिळणाऱ्या आरोग्यविम्याचं, कारण शेतकऱ्याला तो स्वतः घेणं परवडत नाही. पुढे शेतं मोठी होत गेली, दहा घरांची जमीन एक घर कसू लागलं आणि बाकीच्या नऊ घरांतली मुलं फार्गो नाहीतर मिनिआपोलिससारख्या शहरांत निघून गेली. लेखात मी या मुद्द्याला एकच ओळ दिली होती, ती फार कमी पडली. ज्या विहिरीवर कारखान्याची मोट चालायची तिचं पाणीच खाली गेलं.

अशा जागी दर वाढवला की काय होतं ते सांगतो. रोझो पावणेतीन हजार वस्तीचं गाव. पस्तीस किलोमीटरवर वॉरोड, ते दोन हजारांच्याही आत. तिथे मार्विन हा खिडक्या-दारांचा मोठा कारखाना. थीफ रिव्हर फॉल्सची वस्ती नऊ हजारांच्या आत, आणि तिथे आर्क्टिक कॅटच्या जोडीला डिजी-की. हे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग जगभर पाठवणारं अवाढव्य गोदाम आहे, हजारो माणसं कामाला. (तुमच्या नातवाने कधी रोबोटचं किट मागवलं असेल तर त्यातला एखादा चिमुकला भाग या गावातून आलेला असू शकतो.) एकाने ताशी दर दोन डॉलरने वाढवला की दुसऱ्याची माणसं त्याच्याकडे जातात. महिन्याभराने दुसरा वाढवतो, ती परत येतात. ताटातलं वाटीत, वाटीतलं ताटात. कामगाराचा फायदा होतो, आणि तो व्हायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तालुक्यातलं डोकं एकानेही वाढत नाही.

उलट एक वेगळीच गळती सुरू होते. दर चढला की वृद्धाश्रमातल्या आया, शाळेच्या बसचे ड्रायव्हर आणि पाळणाघरातल्या बाया कारखान्याकडे वळतात. पाळणाघर बंद पडलं की दुसऱ्या पाळीची आई घरी बसते. म्हणजे एक माणूस मिळवायला गेलो आणि दोन गेली.

तुम्ही म्हणाल, मग बाहेरून आणा. हरकत नाही, पण ती राहणार कुठे? चाकणला पोरगा एसटीतून उतरतो, संध्याकाळपर्यंत कॉट मिळते. पाच जणांची खोली असते, हाल असतात, पण डोक्यावर छप्पर असतं. रोझोत जानेवारीत रात्रीचा पारा उणे तीसपर्यंत जातो. गाडीच्या इंजिनालासुद्धा रात्री विजेचा प्लग लावून ठेवतात, नाहीतर सकाळी ती सुरू होत नाही. तिथे ‘आधी या, मग बघू’ चालत नाही. घराचा पाया गोठणाऱ्या मातीच्या खाली न्यायचा म्हणजे पाच फूट खोल. बांधकामाचा हंगाम उन्हाळ्यापुरता, गवंडी आणि सुतार मोजके, आणि तेही कारखान्यांनीच ओढलेले. त्यातून घर उभं राहिलं तरी बांधायला जेवढा खर्च येतो तेवढी त्याची बाजारात किंमत होत नाही. बँक कर्ज देते ते बाजारभावावर, मधलं खिंडार बिल्डरने भरायचं. तो कशाला भरेल? म्हणून राज्य सरकारला लहान गावांत कामगारांसाठी घरं बांधायला अनुदान द्यावं लागतं. कारखान्याबाहेर ‘माणसं पाहिजेत’चा फलक आणि गावातल्या मोटेलात आठवड्याच्या भाड्याने राहणारे कंत्राटी वेल्डर, हे दोन्ही मी एकाच रस्त्यावर पाहिलं आहे. क्युबेकमधल्या व्हॅलकोर्टलाही, जिथे बॉम्बार्डियर यांनी स्की-डू ही स्नोमोबाइल जन्माला घातली, गोष्ट फार वेगळी नाही.

तुमचा सर्वांत तिखट मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला: आज माणसं काढताहेत, मग टंचाई कसली?

२०२१-२२ मध्ये अमेरिकेत सगळ्यांनाच घराबाहेर पडून काहीतरी चालवायचं होतं. गाड्यांना मागणी प्रचंड होती आणि मिनेसोटातली बेरोजगारी दोन टक्क्यांच्याही खाली गेली. तेव्हा कारखाने मिळेल त्याला घेत होते. मग व्याजदर चढले. त्यावर २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटात इतका कोरडा आणि उबदार गेला की स्नोमोबाइल गॅरेजमध्येच राहिल्या. डीलरांकडे माल साचला, कारखान्यांनी उत्पादन कमी केलं आणि माणसं काढली. आर्क्टिक कॅट २०१७ मध्ये टेक्स्ट्रॉन या मोठ्या अमेरिकन कंपनीने घेतली होती. २०२४ च्या शेवटी तिथलं उत्पादनच थांबवत असल्याचं जाहीर झालं. २०२५ मध्ये कंपनीच्याच एका जुन्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ती नव्या मालकांकडे गेली. गावाला हे नवं नाही. १९८१ मध्ये हीच कंपनी दिवाळखोरीत गेली होती, आणि १९८३ मध्ये नव्याने उभी राहिली.

आता कामगाराच्या जागी उभे राहून बघा. तुम्हाला भोसरीत ले-ऑफ मिळाला तर तुम्ही चालत पुढच्या गेटवर जाऊ शकत होता. थीफ रिव्हर फॉल्समध्ये पुढचं गेट म्हणजे डिजी-कीचं गोदाम. तिथे जागा नसेल तर शंभरेक किलोमीटरवरचं ग्रँड फोर्क्स. घर विकायला काढावं, तर तुमच्याबरोबर शेजाऱ्यानेही काढलेलं. जो एकदा असा पडत्या भावाने घर विकून गेला, तो दोन वर्षांनी कंपनीने फोन केला म्हणून परत येत नाही. जाताना बायकोला नेतो, जी तिथल्या दवाखान्यात नर्स होती. मुलांनाही नेतो, जी दहा वर्षांनी लाइनवर आली असती. आजची कपात ही २०२८ ची टंचाई आहे. माझ्या लेखात हे यायला हवं होतं, आणि तुमच्या चिमट्यामुळे ते आत्ता येतंय.

याचा पुरावा म्हणून मी वॉरोडकडे बोट दाखवेन. २००८ च्या मंदीत अमेरिकेत घरबांधणी कोसळली, खिडक्या कोण घेणार? बाकीच्या कंपन्यांनी कारखाने बंद केले. मार्विनने कामाचे तास कमी केले, नफ्यातला वाटा थांबवला, पण चार हजारांतलं एकही माणूस काढलं नाही. २०१२ मध्ये बराक ओबामांनी पक्षाच्या अधिवेशनातल्या भाषणात याचा उल्लेख केला होता. त्याआधी १९६१ मध्ये मार्विनचा कारखाना आगीत भस्म झाला, तेव्हाही त्या कुटुंबाने तो मोठ्या शहराकडे न नेता तिथेच पुन्हा बांधला. आज त्या गोठलेल्या गावात लाओसहून आलेली कुटुंबं राहतात. एक आला, त्याने मेव्हण्याला बोलावलं, मेव्हण्याने चुलत्याला. लातूरचा पोरगा चाकणला जातो तोही असाच, मामाच्या पोराच्या भरवशावर. मात्र मामाचा पोरगा आधी तिथे टिकलेला असावा लागतो.

मार्विनला माणसं सहज मिळतात असं मात्र मी म्हणत नाही. घरांची आणि पाळणाघरांची अडचण त्यांनाही आहेच. शिवाय ते कुटुंबाच्या मालकीचं आहे, शेअरबाजाराला दर तिमाहीला तोंड दाखवावं लागत नाही. पोलारिसला लागतं. म्हणून त्यांनी २०११ मध्ये मेक्सिकोत मॉन्टेरेला आणि २०१६ मध्ये अलाबामात हंट्सव्हिलला कारखाने काढले, जिथे माणसं आधीपासूनच होती. रोझो बंद केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. हे सांगणं तुम्हाला पुन्हा वकिली वाटेल, तर वाटू द्या.

तेव्हा ‘पगार वाढवा’ यावर माझं म्हणणं असं: वाढवाच. पण नुसता ताशी दर बघू नका, वर्षाचे किती महिने तो मिळणार ते बघा. आपल्याकडचा ऊसतोड कामगार हे हिशेब फार आधीपासून जाणतो. तो मुकादमाकडून उचल घेतो ती उगीच नाही. हंगामाची जोखीम कारखान्याने आधी थोडी तरी उचलावी म्हणून घेतो. (त्या उचलीचा पुढे फास कसा होतो, हा वेगळा आणि कडू विषय आहे.)

राहिला शेवटचा प्रश्न, मी तिथे जाऊन राहीन का. बारा वर्षांपूर्वी त्या भागातल्या एका कारखान्याने मला विचारलं होतं. पगार इथल्यापेक्षा थोडा जास्तच होता. बायको फिजिओथेरपिस्ट, तिच्यासाठी पन्नास किलोमीटरच्या आत एकच जागा होती आणि ती भरलेली होती. भाड्याचं घर दाखवायला नेलं ते गराजच्या वरचं. मी मनुष्यबळ विभागातल्या बाईंना सहज विचारलं, सलग दोन हिवाळे बर्फ पडला नाही तर? त्या हसल्या आणि म्हणाल्या, असं इथे होत नाही.

नाही गेलो.