‘धडधाकट माणसाला एमआरएसए होत नाही’ म्हणे!

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड तीनदा येऊन गेला: ‘औषधांना दाद न देणारा एमआरएसए फक्त हॉस्पिटलात असतो. म्हाताऱ्यांना, शुगरवाल्यांना, ऑपरेशन झालेल्यांनाच होतो. बाकीच्यांनी गळवावर ॲझिथ्रो या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या घ्याव्यात. पू गेला की विषय संपला.’ मी ठाण्याच्या एका लॅबमध्ये पुवातले जंतू वाढवलेल्या प्लेटा वाचते, त्यामुळे गप्प बसवेना. एमआरएसए म्हणजे गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचा, मेथिसिलिनसारख्या अँटिबायोटिकना दाद न देणारा प्रकार.

‘फक्त हॉस्पिटलात’ हे एके काळी बरंचसं खरं होतं. १९६१मध्ये हा जंतू इंग्लंडात सापडला, तोही हॉस्पिटलच्याच नमुन्यांत. पण १९९७ ते १९९९ या काळात अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटात चार मुलं याने दगावली. चौघंही आधी ठणठणीत होती. २००३मध्ये सेंट लुईस रॅम्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघातल्या पाच खेळाडूंना खरचटलेल्या जागी हाच जंतू झाला. आता या गड्यांना कोण अशक्त म्हणेल? आपल्याकडे गुडघे सोलवटून घेणारी कबड्डीची पोरं आहेतच, वर सगळ्यांत मिळून एक टॉवेल.

शुगर, डायलिसिस, हाडात बसवलेला रॉड यांनी धोका वाढतो, हे कबूल. शुगरवाल्याच्या तळपायाची जखम हाडापर्यंत पोचते, तेव्हा प्रकरण कित्येक आठवडे चालतं. पण पेशंटकडे बघून जंतू ओळखता येत नाही. मी जंतू पसरलेल्या प्लेटवर सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकची चकती ठेवते; औषध चालत असेल तर तिच्याभोवती जंतू वाढत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीचं स्वच्छ वर्तुळ २२ मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर ठीक, २१ किंवा कमी भरलं की एमआरएसए. त्या पट्टीला पेशंटचं वय ठाऊक नसतं.

ॲझिथ्रोबद्दल एवढंच: शेजारच्या एरिथ्रोमायसिनच्या चकतीला जंतू खेटून वाढला असेल, म्हणजे त्या औषधाला दाद देत नसेल, तर तिच्याच घराण्यातली ॲझिथ्रो काय दिवे लावणार?

‘पू गेला की संपलं’ यात मात्र तथ्य आहे. लहान गळवाला डॉक्टरांनी चीर देऊन पू काढणं हाच मुख्य उपाय. घरी पिळणं नव्हे! पण ताप आलेलं मूल पाय टेकवेना, तर ‘खेळताना मुरगळला असेल’ म्हणून थांबू नका. लहान मुलांत जंतू रक्तातून हाडाच्या वाढत्या टोकाशी जाऊन बसतो, बऱ्याचदा गुडघ्याजवळ, आणि पहिल्या आठवड्यात एक्स-रे साफ दिसू शकतो.

आणि पू काढलात तर तो कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून तपासायला) पाठवा, गोळ्या सुरू करण्याआधी. चार दिवस गोळ्या खाऊन आणलेल्या नमुन्यात बरेचदा काही उगवतच नाही. मग मी रिपोर्टवर लिहू तरी काय?