सुट्ट्या मोजल्यात, आता हेही मोजा

जून उजाडला की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा माहेरच्या ग्रुपवर आतेभावानं टाकला: 'गुरुजींना लाखाचा पगार, पाच तास काम, सहा महिने सुट्टी. तरी म्हणे थकलो! झेपत नसेल तर सोडा, बाहेर डीएड-बीएडवाले रांगेत उभे आहेत.' खाली सतरा अंगठे, त्यातला एक माझ्या सख्ख्या काकांचा. मी एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दादा, बस जरा, उत्तर देते.

सुट्ट्यांचं पटकन उरकू. नियमानं वर्षाला 76, त्यात उन्हाळा-दिवाळी आलीच. 52 रविवार मिळव, 128. चार महिने आणि वर आठवडा. तुझ्यापेक्षा जास्त आहेत, कबूल. पण त्यापायी आम्हाला इतर सरकारी कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा मिळत नाही, हे मेसेज लिहिणारा सोयीनं विसरतो.

लाखाचा पगार जुन्या माणसांचा. नवा शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षणसेवक असतो, मानधनावर. मी लागले तेव्हा प्राथमिकला महिना 3,000 होतं, पुढे 6,000 झालं आणि 2023 पासून 16,000. 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही. विनाअनुदानित शाळांतल्यांचं तर बोलूच नये. 20 टक्के अनुदानाच्या टप्प्यासाठी आझाद मैदानात बसून केस पिकलेत त्यांचे.

आता पाच तास. शिक्षण हक्क कायद्यातच आठवड्याचे 45 तास लिहिलेत, तयारीचे धरून. त्याच कायद्याचं 27 वं कलम म्हणतं की जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये. कागदावर छान आहे.

मागच्या ऑगस्टमधला एक मंगळवार सांगते. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. सर प्रशिक्षणाला गेलेले, म्हणजे चारही वर्ग माझ्या गळ्यात. परिपाठ संपतोय तोच केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या ग्रुपवर 'अतितातडीचे' आलं: मुलांच्या आधारची माहिती दोन वाजेपर्यंत. जूनमध्ये हीच दिली होती, फक्त तक्त्यातले रकाने बदललेत. तेवढ्यात खिचडी शिजली. ती चाखा, चव रजिस्टरात नोंद करा, किती मुलं जेवली ते ॲपवर भरा. आमच्याकडे रेंज येते ती पाण्याच्या टाकीपाशी. तिथं फोन वर धरून उभी असताना तिसरीतली एक पोर वही घेऊन मागोमाग आली. 'बाई, बघा ना.' मी म्हटलं, 'थांब गं जरा.' शाळा सुटली तरी तिचं 'जरा' संपलं नव्हतं. रात्री घरी वही उघडली. हातच्याची वजाबाकी, महिनाभर चुकत होती. पाचही उदाहरणं बरोबर! तिच्यासमोर 'शाब्बास' म्हणायची वेळ मात्र टाकीपाशीच गेली.

पोरांनी कुणी थकत नाही रे. चाळीस पोरांचा गलका अंगवळणी पडतो. पोरांपर्यंत पोचताच येत नाही, त्यानं माणूस थकतो.

आणि 'सोडा' म्हणणाऱ्यांना: आमच्यात राजीनामा क्वचितच कुणी देतं, घराचे हप्ते असतात. माणूस हजेरीपटावर राहतो आणि वर्गातून हळूहळू उठून जातो. असे मी पाहिलेत. दोनतीनदा स्वतःही त्या वाटेला लागले होते. रांगेचं म्हणशील, तर एकेकाळी डीएडला नंबर लागावा म्हणून लोक देव पाण्यात घालायचे. आज कितीतरी डीएड विद्यालयांना टाळी लागली आहेत.

आमचे सर त्याच रांगेतून आले, शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवरून. पोरगा हुशार आहे, पेटी वाजवून कविता शिकवतो. दुसऱ्याच वर्षी मधल्या सुट्टीत त्याच्या पिशवीत तलाठी भरतीचं पुस्तक दिसलं. विचारलं तर लाजला. म्हणाला, 'मॅडम, माहितीच भरायची तर तिथं भरतो. तिथं निदान समोर पोरं वाट बघत बसलेली नसतात.'