गाठ कायले मारली?

आज 20 डिसेंबर. गाडगेबाबांची पुण्यतिथी. सकाळी आठ वाजता गावात झाडू फिरला. शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया, तरुण मंडळातले पोट्टे, सगळे होते. मीही होते. मारुतीच्या पारापासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता असा लख्ख झाडला की पाय ठेवायला जीव होईना. मग भजन झालं, फोटो झाले, आणि शेवटी एका बागवाल्या भाऊंनी आंबिया बहाराची, म्हणजे आत्ताच्या हंगामातली, संत्री वाटली. तीन क्रेट. गोड, पातळ सालीची, बोट घातलं की सुटणारी. पोरांनी दोन-दोन, तीन-तीन खाल्ली. इथपर्यंत सगळं छान होतं.

दुपारी चारला मी शाळेच्या मागच्या वाटेनं वावराकडे निघाले, तर नाल्याच्या काठावर चार काळ्या पन्न्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पडलेल्या. चारही गाठ मारलेल्या. आत संत्र्याची सालं, चहाचे कप, द्रोण, सगळं एकत्र कोंबलेलं. आणि शेजारच्या घरची लाल गाय एक पन्नी तोंडात धरून ओढत होती. तिला सालीचा वास आला होता. तिला काय गाठ सोडता येते? ती पन्नीसकटच चावणार. मी धावत जाऊन तिच्या तोंडातून ती पन्नी ओढली. हात कोपरापर्यंत लाळेनं भरला. अर्धीच पन्नी बाहेर आली.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. आता रात्रीचे साडेनऊ झाले, स्वयंपाक उरकला, आणि हे लिहायला बसले.

ज्या माणसानं आयुष्यभर हातात झाडू धरला, गावात पाऊल टाकलं की कीर्तनाच्या आधी रस्ता झाडला, जो आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मला आणि 1956 साली आजच्याच दिवशी वलगावजवळ पेढी नदीपाशी गेला, त्याच्या नावानं आपण सकाळी गाव झाडलं. आणि दुपारी तोच कचरा पन्नीत बांधून नाल्यावर नेऊन टाकला. रस्ता स्वच्छ, नाला घाण, गायीच्या पोटात पन्नी. ही स्वच्छता आहे? की फोटो आले, विषय संपला?

मला खरी चीड त्या गाठीची आहे. संत्र्याचं साल म्हणजे कचरा नाही. पन्नीत घालून, त्यात चहाचा कप टाकून तुम्ही गाठ मारता, तेव्हा त्याचा कचरा होतो. हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नाही. माझ्या सासूबाईंनी शिकवलं.

2003 सालची गोष्ट. अमरावतीत वाढलेली मुलगी मी, लग्न होऊन वरुड तालुक्यातल्या या गावात आले. पहिलाच उन्हाळा. घरात मोठं टरबूज कापलं होतं, सगळ्यांनी पोटभर खाल्लं. मी सालं गोळा केली, पन्नीत भरली, माहेरी करायचे तशी घट्ट गाठ मारली आणि मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकली. माझ्या हिशोबानं काम झालं होतं. सासूबाई ओसरीवर बसून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. उठल्या, उकिरड्यावर गेल्या, पन्नी परत घेऊन आल्या आणि माझ्यासमोर खाली बसून ती गाठ सोडायला लागल्या. नखानं. पाच मिनिटं लागली असतील. फाडली नाही पन्नी, सोडली. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "गाठ कायले मारली वं पोरी?"

मला उत्तर देता आलं नाही. आज वीस वर्षांवर झाली, अजूनही नाही.

संध्याकाळी ताटात ज्वारीची भाकर आणि एक रसाची भाजी आली. दुधीसारखी, पण जराशी कडक, खाताना दाताखाली कुरकुरणारी. लसूण-जिऱ्याची फोडणी, लाल तिखट, शेंगदाण्याचं कूट, गुळाचा एवढासा खडा, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. मी दुसऱ्यांदा मागून घेतली. तेव्हा त्या हसल्या. टरबुजाचा पांढरा भाग होता तो. वरची हिरवी साल विळीवर काढून बकरीला घातली होती, आणि बिया धुवून सुपात वाळत टाकल्या होत्या. पावसाळ्यात त्याच बिया भाजून, मीठ लावून आम्ही खाल्ल्या. एका टरबुजातलं काहीही वाया गेलं नाही. वाया जाणार होती ती फक्त माझी पन्नी. तीही त्यांनी धुवून दोरीवर टाकली.

आणि आज मी बघते, आपण संत्र्याच्या मुलखात राहतो. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड, जिकडे बघाल तिकडे बागा. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान सगळ्यांना. पण त्याच संत्र्याची साल आपल्याला नाल्यावर टाकायची असते, आणि आपल्याच लेकीबाळी तालुक्याच्या दुकानातून संत्र्याच्या सालीची पावडर पाकिटात विकत आणतात, चेहऱ्याला लावायला! बागवाल्याला क्रेटमागे काय मिळतं ते बागवाल्याला विचारा. आणि त्या पाकिटावरची किंमत बघा. मला सांगा, कुणाला लाज वाटायला पाहिजे?

सालं सावलीत वाळवायची. कडक उन्हात टाकली तर रंग जातो, वासही जातो. हाताने मोडली की कट्‌कन तुटली पाहिजे, मग मिक्सरमध्ये फिरवून चाळून घ्यायची. कोरड्या बरणीत ठेवली की पुढच्या दिवाळीच्या उटण्याला पुरते. मी ती बेसनात घालून, दुधात कालवून लावते. चहा उकळताना सालीचा नखाएवढा तुकडा घालून बघा. सासूबाई सालीची चटणीही करायच्या. साल दोनदा पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं म्हणजे कडवटपणा कमी होतो, मग गूळ, तिखट, जिरं घालून आटवायची. त्यात चिमूटभर मीठ जास्त पडलं तरच ती खरी लागायची, असं त्या म्हणायच्या. माझ्या हातची अजून तशी होत नाही.

फवारणीचं काय, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, बागेत फवारे मारतात. म्हणून खायला आणि तोंडाला लावायला घरच्या झाडाची, न फवारलेली साल घ्या, बाजारची असेल तर घासायला-पुसायला वापरा. संपला मुद्दा.

घासायला-पुसायला म्हणजे कसं, तेही सांगते, कारण गटातल्या बाया मला दर वेळी विचारतात. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी. म्हणजे एक किलो गूळ, तीन किलो सालं, दहा लिटर पाणी. गूळ काळा, स्वस्तातला चालतो. प्लॅस्टिकच्याच डब्यात करायचं, काचेच्या बरणीत नको, कारण आत वायू तयार होतो आणि बरणी फुटू शकते. डबा काठोकाठ भरायचा नाही, वर चार बोटं तरी जागा ठेवायची. पहिला महिनाभर रोज झाकण जरा उघडून वायू सोडायचा आणि परत लावायचं. तीन महिने सावलीत ठेवायचा. मग गाळून घ्यायचं. आंबट-गोड वास येतो, रंग तपकिरी. बादलीभर पाण्यात दोन झाकणं टाकली की फरशी, मोरी, संडास, सगळं स्वच्छ. खाली उरलेला चोथा कुंड्यांना, वाफ्यांना घाला. आमच्या घरात फरशीसाठी बाटली विकत आणलेली मला आठवत नाही. मोबाइलवर काही लोक म्हणतात, याने अमुक रोग बरा होतो, तमुक होतो. तसलं काही नाही. हे फरशीचं पाणी आहे, घशात घालायचं नाही.

लिंबू पिळून झालं की त्याच्या वाट्यांना मीठ लावून तांब्याचा गुंड घासा. केळ्याची साल बारीक कापून गोडनिंबाच्या (कढीपत्त्याच्या) बुडाशी मातीत दाबा. आंब्याच्या कोयी वाळवून, फोडून आतला गर भाजून मीठ लावला की जेवणावर चघळायला होतो. एक मात्र करू नका. सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावायची जुनी सवय आहे आपल्याकडे, ती सोडा. तो रस डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. जुनं सगळंच चांगलं असतं असं मी म्हणत नाही.

आणि हे सगळं नको असेल, वेळ नसेल, तर निदान खड्ड्यात टाका हो! कचऱ्यापासून खत करायची एक रीत आपल्याच विदर्भानं देशाला दिली. पुसदचे ना. दे. पंढरीपांडे, लोक त्यांना नाडेपकाका म्हणायचे, त्यांनी भोकं ठेवलेल्या विटांच्या टाक्यात थोड्या शेणात भरपूर खत कसं करायचं ते दाखवलं. त्यांच्याच नावावरून नाडेप खत. पालापाचोळा, सोयाबीनचं कुटार (भुसा), शेणकाला, माती, असे थरावर थर द्यायचे आणि वरून लिंपून टाकायचं. तीन-चार महिन्यांत काळंभोर खत. त्यात संत्र्याची सालं आरामात जिरतात. फक्त गांडुळांच्या वाफ्यात ढीगभर नका टाकू, आंबटपणा त्यांना चालत नाही. आधी शेणात अर्धवट कुजू द्या.

बागवाल्या भाऊंनाही एक सांगायचं आहे. तुम्ही आज संत्री वाटली, मन मोठं आहे तुमचं, मी मनापासून सांगते. पण बागेतली गळ, म्हणजे गळून पडलेली फळं, धुऱ्यावर (बांधावर) फेकणं बंद करा. सडलेल्या फळावर बुरशी वाढते आणि ती परत तुमच्याच झाडांवर येते. कृषी खात्याचे लोक वर्षानुवर्षं सांगतात, गळ वेचा आणि खड्ड्यात पुरा. मजूर मिळत नाही, हे मला कळतं. आमच्याही वावरात मिळत नाही. तरीही.

आता जरा शांत झाले. मघाशी लिहिताना हात थरथरत होता.

खरं सांगू, मला गावाचा राग नाही. ज्या पोरानं त्या पन्न्या नाल्यावर नेल्या, त्याला कुणीतरी "हे उचल" म्हटलं असणार, त्याने उचललं. त्याला वेगळं काही कुणी सांगितलंच नाही. मलाही 2003 पर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. फरक एवढाच की मला सांगणारी बाई घरात होती, आणि ती ओरडली नाही. ती खाली बसली आणि गाठ सोडत राहिली. गावात अजून अशा म्हाताऱ्या आहेत. त्यांच्याजवळ बसायला आपल्यालाच वेळ नाही.

ग्रामपंचायतीला मात्र सोडणार नाही. 2018 साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, फलक लावला, आणि आज कार्यक्रमात काळ्या पन्न्या वाटणारे कोण होते? पुढच्या सभेत मी हे विचारणार आहे. बायांनो, तुम्ही सोबत या. एकटीनं विचारलं तर म्हणतील, मॅडमला सवयच आहे. चार जणी उभ्या राहिल्या की उत्तर द्यावं लागतं. हो, हे कामही शेवटी बायांच्याच डोक्यावर येतं, हे मान्य. साल वाळवायची बायांनी, डबा भरायचा बायांनी, सभेत बोलायचंही बायांनीच. आमच्या यांना मी आज तिसरी पन्नी उचलायला लावली, मुकाट्यानं उचलली. सुरुवात म्हणा.

त्या चारही पन्न्या आम्ही घरी आणल्या. अंगणात जुनी गोणपाट अंथरली, दिवा लावला आणि बसले सोडायला. दोन गाठी सुटल्याच नाहीत, कापाव्या लागल्या. तेवढं मला सासूबाईंसारखं जमत नाही. त्या जाऊन पाच वर्षं झाली. त्यांची विळी, त्यांचं सूप अजून तिथेच भिंतीला टेकलेलं आहे, आणि आज त्या सुपात बऱ्याच दिवसांनी संत्र्याची सालं पसरली. कप आणि द्रोण वेगळे केले. गायीनं चावलेली सालं खड्ड्यात टाकली. बरी, कोरडी सालं धुवून पाटीत ठेवली. एक डबा भरला आणि त्यावर खडूनं लिहिलं, 20 डिसेंबर. म्हणजे तो 20 मार्चला उघडायचा.

गायीचा मालक आत्ताच येऊन गेला. म्हणतो, रवंथ करते आहे, चारा खाल्ला. सकाळी जनावरांच्या डॉक्टरला दाखवणार आहे. बरं वाटलं, पण झोप लागेल असं वाटत नाही.

अजून अर्ध पोतं सालं उरली आहेत. ज्यांच्याकडे तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन असतील, धुतलेले, त्यांनी उद्या दहाच्या आत आमच्या घरी पाठवा. गूळ मी आणते. ज्या पोरानं पन्न्या नेल्या तो येणार असेल तर त्यालाही पाठवा, त्याला रागावणार नाही. फक्त त्याच्याकडून पहिला डबा भरून घेईन.