‘नकली गंधक’ म्हणालात, म्हणून हे उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमचा भुईमूग पिवळा राहिला, शेंगा पोचट निघाल्या, हे वाचून वाईट वाटलं. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की ‘जानेवारीत दोन गोण्या गंधक घेतलं, काहीच फरक नाही, माल नकली, स्वस्त जिप्सम सोडून महाग माल गळ्यात मारतात’. यातली तारीखच चुकीची आहे, आणि सगळा प्रश्न तारखेचाच आहे.

आमच्या बुकात तुमचं बिल 18 फेब्रुवारीचं आहे. पावती तुमच्या घरीही असेल, काढून बघा. तेव्हा तुमचा भुईमूग उगवून वर आला होता. तुम्ही नेलेलं बेंटोनाइट गंधक, म्हणजे फुगणाऱ्या चिकणमातीत मिसळून केलेले गंधकाचे दाणे, हे पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी मातीत मिसळायचं खत. त्यात 90 टक्के गंधक असतं खरं, पण मुळं ते तसंच्या तसं घेत नाहीत. मातीतल्या जिवाणूंनी त्याचं सल्फेट केलं की मगच ते पिकाला लागतं, आणि त्याला ओल, ऊब, हवा आणि वेळ, सगळंच लागतं. धान निघाल्यावर डिसेंबरात बांधी (धानाचं शेत) वखरताना पडलं असतं तर पिकाच्या कामी आलं असतं. हे सगळं मी काउंटरवर सांगितलं होतं.

तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून पाहा. मसुरीच्या डाळीएवढे दाणे वरंब्याच्या माथ्यावर कोरडे पडलेत, पाणी खाली सरीतून वाहतंय. त्यातला एक दाणा बशीभर पाण्यात टाका, फुगून फुटतो की नाही बघा. मग माल नकली आहे का ते सांगा.

जिप्समचं, म्हणजे कॅल्शियम आणि गंधक दोन्ही असलेल्या त्या खताचं, बोलणं तर मला फारच लागलं. त्या दिवशी मी जिप्समच घ्या म्हणालो होतो. पन्नास किलोच्या गोण्या मोटारसायकलवर कशा नेऊ, असं म्हणून तुम्ही दहा किलोच्या दोन गोण्या टाकीवर ठेवून गेलात. आणि गोणीचा भाव गोणीशी लावू नका. त्या दहा किलोत 9 किलो गंधक आहे, जिप्समच्या पन्नास किलोत सात-आठ किलोच.

पण पोचट शेंगांवर उपाय जिप्समच होता. आऱ्या, म्हणजे फुलातून खाली उतरणारे शेंगेचे देठ, जमिनीत शिरल्या की शेंग आपलं कॅल्शियम थेट भोवतालच्या मातीतून घेते, मुळांनी वर नेलेलं तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. ते तिथे कमी पडलं की टरफल तयार होतं, दाणा भरत नाही. गंधकाच्या दाण्यात कॅल्शियम नसतंच. म्हणून तर हेक्टरी 400 किलो जिप्सम, निम्मं पेरताना आणि निम्मं आऱ्या सुटताना, अशी शिफारस आहे. त्यात धानालाही डीएपी आणि भुईमुगालाही डीएपी, हे तुम्हीच सांगितलंत. डीएपी हे नत्र आणि स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत, त्यात गंधक नाही. दोन्ही पिकं जमिनीतून गंधक उचलत राहिली, परत काहीच गेलं नाही. सिंगल सुपर फॉस्फेट टाकलं असतं तर स्फुरदासोबत 11 टक्के गंधक आणि कॅल्शियमही मिळालं असतं.

‘नकली’ हा शब्द मात्र मनाला लागला. खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे आमचा परवाना आहे, निरीक्षक येऊन नमुने नेतात. माल खोटा निघाला तर परवानाच जातो, आणि या दुकानावर घर चालतं. मौदा, रामटेककडचे धानवाले शेतकरी आमच्याकडे विश्वासाने येतात, तेही हे वाचतात.

तुमचे पैसे वाया गेले असंही समजू नका. भुईमूग उपटल्यावर एक वखरणी द्या, दाणे मातीत जाऊ द्या. पहिल्या पावसाच्या ओलीत ते फुगून फुटायला लागतील, रोवणीच्या धानाला काही भाग नक्की मिळेल. चिखलणीत मात्र असलं गंधक टाकू नका. भरलेल्या बांधीत हवा नसते, तिथे जिवाणूंचं काम अडतं. आणि खरिपाआधी माती तपासून घ्या. अहवालात गंधक 10 पीपीएमच्या (दहा लाखांत 10 भाग) खाली असेल तर घेऊन या, मी स्वतः बसून हिशेब करून देतो.

आम्हीही गोणीसोबत कधी टाकायचं ते लिहून द्यायचं बघतो. जिप्सम गावापर्यंत पोचवायची काही सोय होते का, त्याचाही विचार चालू आहे. स्टार एकच ठेवा, तुमची मर्जी. पण बिलाची तारीख पाहिल्यावर ‘नकली’ एवढा शब्द काढून टाका, ही विनंती.

– संचालक, कृषी सेवा केंद्र, कॉटन मार्केट, नागपूर