शवपेटीतली ती मुलगी मेली नव्हती

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. तिच्या नातीला तीन रात्री झोप नाही. दिवा मालवला की रडायला लागते. मावशीने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्टही काढली. खोदून विचारल्यावर कळलं, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर आला होता आणि सोबत एक क्लिप होती. नऊ वर्षांच्या पोरीने ती एकटीने पाहिली.

मजकूर असा: ‘विय’ हा 1967 चा रशियन चित्रपट जगातला सर्वांत शापित चित्रपट. सत्य घटनेवर आधारित. म्हातारीचं काम खऱ्या चेटकिणीने केलं. नायिका चित्रीकरण चालू असताना शवपेटीतच मेली आणि तेच दृश्य चित्रपटात ठेवलं. बाकीचे सगळे वर्षभरात गेले. सोव्हिएत सरकारने बंदी घातली. 21 जणांना पाठवा, नाहीतर घरात मृत्यू.

मी पंचवीस वर्षं नाटकांचं नेपथ्य करतोय. कप्प्या, दोर, देखाव्याचे फ्लॅट, खिळे यांतच आयुष्य गेलं. हा चित्रपट मी इतक्या वेळा पाहिलाय की कुठल्या दृश्यामागे किती माणसं राबली असतील, याचा हिशेब डोक्यात आपोआप चालू होतो. म्हणून हा मजकूर वाचून अंगाचा तिळपापड झाला.

आधी बंदीचं. सोव्हिएत युनियनमध्ये या चित्रपटाला 3 कोटी 26 लाख प्रेक्षक मिळाले. बंदी घातलेला चित्रपट एवढे लोक तिकीट काढून बघतात का?

‘सत्य घटना’ म्हणे. ही रशियन लेखक गोगोलची कथा आहे, 1835 च्या ‘मिरगोरोद’ या संग्रहातली. खोमा ब्रूत नावाच्या विद्यार्थ्याला जमीनदाराच्या मेलेल्या मुलीपाशी तीन रात्री चर्चमध्ये प्रार्थना वाचायची असते. तिला ओलांडता येऊ नये म्हणून तो स्वतःभोवती खडूने वर्तुळ आखतो आणि ती शवपेटीतून उठते. ही लोककथा आपण ऐकली तशीच सांगतोय, असं गोगोलने तळटीपेत लिहिलंय, तेवढाच काय तो आधार. तो लोककथा म्हणतोय, घडलेली गोष्ट म्हणत नाही.

खरी चेटकीण? चित्रपटातल्या त्या चेटकीण म्हातारीचं काम निकोलाय कुतुझोव या पुरुष नटाने केलंय. बालगंधर्वांच्या मुलखात हे कुणाला समजावून सांगायची वेळ यावी, याचं वाईट वाटतं.

आता मुद्दा त्या मुलीचा. तिचं नाव नतालिया वार्लेय. चित्रीकरणाच्या वेळी ती जेमतेम विशीची होती. मॉस्कोच्या सर्कस विद्यालयात शिकून बाहेर पडलेली, उंचावर तोल सांभाळत कसरती करणारी कलावंत. उडत्या शवपेटीत उभी राहायला अशीच मुलगी हवी होती. पेटी उंचावर टांगून चर्चभर फिरवायची आणि आतल्या मुलीने ताठ उभं राहायचं. दोराला लटकवलेली वस्तू फिरवली की ती झोके खाते, स्वतःभोवतीही गरगरते. रिकामी खुर्ची टांगली तरी आम्ही चार-चार वेळा गाठी तपासतो. इथे आत जिवंत माणूस होतं. एकदा ती त्या पेटीतून खाली पडलीच. खोमाचं काम करणाऱ्या लिओनीद कुराव्ल्योवने तिला झेललं. ही हकीकत वार्लेयने स्वतः सांगितली आहे. ज्या बाईला तुम्ही 1967 मध्येच मारून टाकलंत तिने! 1971 मध्ये ती ‘बारा खुर्च्या’ या चित्रपटात होती, 1994 मध्ये तिने साहित्याची पदवी घेतली, आणि सत्तरी ओलांडल्यावर तिचं आत्मचरित्र आलं.

ती क्लिप पुन्हा पाहा, पण यावेळी तिच्या हातांकडे लक्ष द्या. खडूच्या रेघेपाशी आल्यावर तिचे तळवे हवेत थबकतात. बोटं पसरतात, तळवा सपाट होतो, मनगट किंचित मागे जातं. नसलेली भिंत आपल्याला दिसायला लागते. ही अंगमेहनतीची तालीम आहे, आणि तुम्ही तिला मृत्यूची तडफड म्हणता. चांगल्या नटीचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही.

आणि वर्षभरात सगळे मेले हे तर धादांत खोटं आहे. कुराव्ल्योव जानेवारी 2022 मध्ये गेला, वयाच्या 85 व्या वर्षी. मधल्या काळात त्याने कितीतरी चित्रपट केले, 1975 चा ‘अफोन्या’ तर त्याच्याच खांद्यावर उभा आहे. दोन दिग्दर्शकांपैकी येर्शोव 1984 मध्ये गेला, तोही सतरा वर्षांनी. क्रोपाच्योव पुढे कलादिग्दर्शक म्हणून काम करत राहिला, 2013 मध्ये आलेल्या, दिग्दर्शक अलेक्सेई गेर्मानच्या शेवटच्या चित्रपटापर्यंत. हे दोघे तेव्हा नवखे होते म्हणून स्टुडिओने अलेक्सांद्र प्तुश्कोला मदतीला आणलं. जादूच्या चित्रपटांतला तो मुरलेला माणूस, भिंतींतून आणि जमिनीतून बाहेर येणारे ते हात म्हणजे त्याच्या हाताखालचं काम. ‘विय’नंतर त्याने ‘रुस्लान आणि ल्युद्मिला’ हा भलाथोरला चित्रपट पुरा केला.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. वार्लेय पुढे श्रद्धाळू झाली आणि ही भूमिका करायला नको होती, असं तिने म्हटलंय. तिच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण तिला वाटलेला पश्चात्ताप वेगळा आणि चित्रपटाला लागलेला शाप वेगळा. त्या एका वाक्यावरून कुणी तिची तिरडी बांधू नये.

राहिला तो 21 जणांचा धाक. मावशीने भीतीपोटी तो मजकूर खरंच 21 जणांना पाठवला होता. रविवारी मी तिच्याकडे गेलो. नातीला शेजारी बसवून क्लिप आवाज बंद करून लावली आणि हातांपाशी थांबवली. तिने दोनदा मागे नेऊन पाहिलं आणि विचारलं, “तिथे काच आहे का?” मी म्हटलं, “नाही.” मग तिने दारातल्या रांगोळीच्या डब्यातून खडू काढला आणि फरशीवर गोल आखला. मला म्हणाली, “मामा, तू आत उभा राहा, मी बाहेरून येते.”