ट्रान्सप्लांटनंतर पंधरा दिवस डोकं कोरडं ठेवू नका

इंदूरमधल्या आमच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. हेअर ट्रान्सप्लांट केलेल्यांना त्यात चार गोष्टी बजावल्या आहेत. पंधरा दिवस डोक्याला पाणी लावायचं नाही. खपल्या धरल्या की कोमट खोबरेल तेलाने चोळून काढायच्या. महिन्याभरात लावलेले केस गळले, तर डॉक्टरने फसवलं असं समजायचं. आणि एकदा केस लावले की केसगळतीची औषधं कायमची बंद. रामबागेतल्या माझ्या औषधाच्या दुकानात हा संदेश वाचून आलेली मुलं दिसतात, कपाळापासून टाळूपर्यंत रक्ताच्या कडक खपल्या. म्हणून लिहिते आहे.

पाण्याच्या भीतीमागे थोडं तथ्य आहे. एफयूई, म्हणजे केसांची मुळं एकेक करून काढण्याच्या पद्धतीत, डोक्याच्या मागच्या भागातून एक मिलिमीटरहून बारीक पंचने (गोल, पोकळ पात्याने) ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केस, काढतात आणि पुढच्या छिद्रांत बसवतात. सुरुवातीला ते गोठलेल्या रक्ताच्या आधारानेच टिकलेले असतात. बोट घासलं, टीशर्ट डोक्यावरून ओढला तरी निघू शकतात, म्हणून त्या दिवसांत पुढून बटणाचाच शर्ट घालायचा. पण हलक्या हाताने ओतलेल्या पाण्याने ग्राफ्ट निघत नाही. उलट धुतलं नाही तर रक्त आणि जखमेतून पाझरणारी लस सुकून थर साचतो, खाज सुटते, झोपेत नखं लागतात. बहुतेक सर्जन दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून धुवायला सांगतात: सौम्य शाम्पूचा फेस वरून ठेवायचा, मगाने पाणी सोडायचं, शॉवरची जोरदार धार नको. साधारण नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट पक्का होतो. मग फेस थोडा वेळ मुरू देऊन बोटांच्या पेरांनी हळूहळू खपल्या सोडवता येतात.

तेलाचं उत्तर यातच आलं. आई-मावशीच्या चंपीमागची माया मला कळते, पण डोक्यावर शेकडो ताज्या जखमा असताना चोळणं नको, हळदीचा लेप नको आणि कांद्याचा रस तर मुळीच नको, तो निरोगी कातडीलाही झोंबतो.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो तिसरा मुद्दा, कारण तो वाचून मुलं रात्र-रात्र झोपत नाहीत. ग्राफ्ट एका जागेहून दुसरीकडे नेताना त्याचा रक्तपुरवठा तुटतो. या धक्क्याने मूळ विश्रांतीच्या अवस्थेत जातं आणि वरचा केस टाकून देतं. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यादरम्यान हे बहुतेकांचं होतं. मूळ आतच असतं. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरट गाठ दिसली म्हणजे मूळच आलं, असंही नाही. पहिल्या आठवड्यात केसाबरोबर रक्त आलं तर मात्र ग्राफ्ट निघाल्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना कळवावं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कधी कुरळे केस फुटतात. निकाल बघायचा तो वर्षभराने, टाळूच्या मागच्या भोवऱ्यापाशी त्याहूनही उशिरा. लग्नाच्या महिनाभर आधी ट्रान्सप्लांट करणाऱ्यांना मी कळकळीने सांगते: नेमक्या अक्षतांच्या दिवशी डोकं पहिल्यापेक्षा विरळ दिसेल. वर्षभर आधी करा.

औषधं बंद करा, हा सल्ला महागात पडतो. मागच्या भागातले केस नव्या जागीही आपला टिकाऊपणा राखतात, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइक यांनी १९५९ मध्येच मांडलं. पण आजूबाजूच्या जुन्या केसांना ते संरक्षण नाही. ते गळत राहिले तर काही वर्षांनी लावलेल्या केसांचं बेट उरतं. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल जखमा भरेपर्यंत थांबवतात; ते पुन्हा कधी सुरू करायचं आणि केसगळती रोखणारी फिनास्टेराइडची गोळी घ्यायची की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आमच्या शहरापुरतं एक: रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी मोटरपंपांतून रंगाचा मारा होतो. ट्रान्सप्लांट नुकतंच झालेल्यांनी त्या वर्षी गेर घरूनच बघावी. घट्ट हेल्मेटचंही तसंच, डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

दुसऱ्या ते पाचव्या दिवशी कपाळाची सूज पापण्यांवर उतरली तर घाबरू नका, उशा रचून डोकं उंच ठेवून झोपा. पण पू, ताप, वाढत जाणारं दुखणं, काळी पडणारी कातडी किंवा दाबूनही न थांबणारं रक्त दिसलं, तर ग्रुपवर फोटो टाकून उत्तराची वाट बघू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच क्षणी फोन करा.